समाजमाध्यमांतील क्रमनिश्चिती आणि आपली धर्मसेवा

१. प्रश्नाचे स्वरूप

रविवारचे प्रवचन, संताच्या सणाची मिरवणूक, गायनवृंदाचे गीत किंवा प्रश्नोत्तरीचा पाठ समाजमाध्यमांवर ठेवण्याची रीत आता आपल्या अनेक धर्मग्रामांत रूढ झाली आहे. तिच्याबरोबर एक नवी चिंताही आली आहे. एका प्रवचनाला चाळीस दर्शक मिळतात, दुसऱ्याला चार हजार. आणि पहिले फसले, दुसरे साधले, असा निष्कर्ष नकळत काढला जातो. हा निष्कर्ष मग पुढच्या रविवारच्या तयारीत शिरतो. कोणता विषय घ्यावा, किती वेळ बोलावे, कोणता कठीण मुद्दा टाळावा, हे दर्शकसंख्येकडे पाहून ठरू लागते. असे होऊ द्यावे की नाही, याचा निर्णय करण्यापूर्वी ती संख्या कशी उत्पन्न होते हे जाणून घेणे अगत्याचे आहे.

प्रस्तुत लेखात आम्ही या माध्यमांतील क्रमनिश्चितीची पद्धती शक्य तितक्या सोप्या शब्दांत मांडणार आहोत. त्यानंतर, पोहोच वाढवण्याचे कोणते उपाय धर्मगुरूने व धर्मशिक्षकाने निःशंकपणे योजावेत आणि कोणते वर्ज्य मानावेत, याचा विचार करणार आहोत.

२. सूचनाफलक आणि फीड

चर्चच्या दारावरील सूचनाफलक सर्वांसाठी एकच असतो. जो दारातून आत येतो त्याला मिस्साच्या वेळा, विवाहाच्या घोषणा आणि अंत्यविधीची सूचना सारख्याच क्रमाने दिसतात. समाजमाध्यमावरील फीड हा असा फलक नव्हे. तेथे प्रत्येक व्यक्तीसाठी वेगळी यादी तयार होते आणि ती व्यक्ती फोन उघडील त्या त्या वेळी ती नव्याने तयार होते.

फेसबुकने आपली न्यूज फीड सप्टेंबर २००६ मध्ये सुरू केली. पुढे मजकूर इतका वाढला की तो सर्व दाखवणे अशक्य झाले. एका व्यक्तीने एकदा फीड उघडली असता तिला दाखवता येण्याजोग्या सरासरी १,५०० गोष्टी उपलब्ध असतात, असे त्या कंपनीनेच २०१३ मध्ये सांगितले होते. माणूस त्यांपैकी थोड्याच पाहतो. तेव्हा कोणत्या वर ठेवायच्या आणि कोणत्या तळाशी सोडायच्या, हे कोणीतरी ठरवणे क्रमप्राप्त झाले. हे काम ज्या गणिती रीतीने होते तिला अल्गोरिदम म्हणतात. या शब्दाने बिचकण्याचे कारण नाही. ठरावीक क्रमाने करावयाच्या क्रियांची मालिका, एवढाच त्याचा अर्थ. शाळेत शिकलेली लसावि काढण्याची रीत हाही एक अल्गोरिदमच आहे.

आरंभीची रीत बरीच साधी होती. २०१० मध्ये फेसबुकने तिचे तीन घटक जाहीर केले : पाहणारा व लिहिणारा यांच्यातील जवळीक, त्या मजकुरावर झालेल्या क्रियेचे वजन आणि मजकुराचे वय. ज्याच्याशी आपला वारंवार संबंध येतो त्याचा मजकूर वर येई. लाइकपेक्षा कॉमेंटला अधिक वजन असे. आणि जुना मजकूर हळूहळू खाली जाई. आजची यंत्रणा यापेक्षा पुष्कळ गुंतागुंतीची असली, तरी हे तीन घटक ध्यानात ठेवले असता तिची मूळ दिशा समजते.

३. यंत्र निवड कशी करते

बहुतेक मोठ्या माध्यमांत निवडीचे काम टप्प्याटप्प्याने चालते. यूट्यूबची रीत गूगलमधील संशोधकांनी २०१६ मध्ये एका निबंधात मांडली. तीनुसार पहिल्या टप्प्यात लक्षावधी चित्रफितींतून त्या दर्शकाला रुचतील अशा काही शेकडा वेचल्या जातात. दुसऱ्या टप्प्यात या थोड्या फितींचे बारकाईने मूल्यमापन होऊन त्यांचा क्रम लागतो. त्या क्रमासाठी यंत्र स्वतःला जो प्रश्न विचारते तो असा : ही फीत दाखवली, तर हा दर्शक ती किती वेळ पाहील?

येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. यंत्राला प्रवचनाचा बोध मोजता येत नाही. त्या विशिष्ट माणसाच्या आणि त्याच्यासारखे वागणाऱ्या इतरांच्या मागील वर्तनावरून, तो आता काय करील याचा ते केवळ अंदाज बांधते. तो थांबेल काय, लाइक करील काय, उत्तर लिहील काय, दुसऱ्याला पाठवील काय, की बोट सरकवून पुढे जाईल? अशा प्रत्येक क्रियेची संभाव्यता काढली जाते, तिला ठरावीक वजनाने गुणले जाते आणि सर्वांची बेरीज होते. बेरीज मोठी असेल तो मजकूर वर येतो.

ही वजने सहसा गुप्त असतात. परंतु ट्विटरने, म्हणजे ज्याचे नाव जुलै २०२३ पासून एक्स झाले त्या माध्यमाने, ३१ मार्च २०२३ रोजी आपल्या रीतीचा मोठा भाग प्रसिद्ध केला आणि पाठोपाठ त्या वेळची वजनेही जाहीर केली. तीनुसार लाइकचे वजन ०.५, पुढे प्रसारित करण्याचे १ आणि उत्तर लिहिण्याचे १३.५ होते. एखाद्याने लिहिलेल्या उत्तराची मूळ लेखकानेही दखल घेतली, तर वजन ७५ होई. उलट कोणी त्या मजकुराविरुद्ध तक्रार केली, तर ३६९ वजा होत. पुढे ही वजने बदलत गेली. तरी यंत्राचा स्वभाव समजण्यास ती उत्तम उदाहरण आहेत.

एक कल्पित हिशेब करून पाहू. समजा, एका धर्मगुरूने क्षमेवर चार ओळी लिहिल्या. यंत्राचा अंदाज असा की हजार वाचकांपैकी शंभर जण लाइक करतील व दोघे उत्तर लिहितील. शंभर लाइकचे ५० आणि दोन उत्तरांचे २७, मिळून ७७ गुण झाले. त्याच दिवशी दुसऱ्या कोणी धर्मग्रामातील एका वादावर बोचरी टीका लिहिली. हजारांपैकी वीसच लाइक, परंतु तीस जण भांडण्यासाठी उत्तर लिहितील असा अंदाज आहे. वीस लाइकचे १० आणि तीस उत्तरांचे ४०५, मिळून ४१५ गुण झाले. अर्थात टीका क्षमेच्या पाचपटींहून वर गेली. यात कोणाही माणसाने टीकेच्या बाजूने कौल दिलेला नाही. उत्तर हे जवळिकीचे लक्षण आहे, एवढेच यंत्राने मानले; ते प्रेमाने लिहिले की रागाने, हा भेद त्या बेरजेत नव्हता.

हिशेबाची दुसरी बाजूही पाहावी. त्या टीकेविरुद्ध हजारांमागे एकाने जरी तक्रार केली असती, तरी ३६९ वजा होऊन ४६ गुणच उरले असते आणि क्षमेच्या ओळी वर आल्या असत्या. परंतु भांडणात रमलेला माणूस तक्रार करीत नाही. तो उत्तर लिहितो. आणि मूठभर लोकांनी ठरवून तक्रारी केल्या, तर अप्रिय सत्यही याच मार्गाने खाली ढकलता येते.

४. वजने ठरवतो कोण?

वरील विवेचनावरून वाचकांच्या ध्यानात आले असेल की यंत्राचे नैतिक स्वरूप त्या वजनांत दडलेले आहे, आणि वजने माणसे ठरवतात. यूट्यूबने २०१२ मध्ये क्लिकच्या संख्येऐवजी पाहण्याच्या अवधीला प्राधान्य दिले. तोवर भडक चित्र व फसवे शीर्षक लावून क्लिक मिळवणाऱ्यांची चलती होती. नव्या रीतीने त्यांना आळा बसला, पण दर्शकाला दीर्घकाळ गुंतवून ठेवणाऱ्यांची चलती झाली. अलीकडे त्या माध्यमाने दर्शकांना समाधानाविषयी प्रश्न विचारून त्या उत्तरांचाही उपयोग सुरू केला आहे. प्रत्येक मापदंड आपल्यासारखा मजकूर घडवतो, हा यातील धडा होय.

फेसबुकचा अनुभव याहून बोधप्रद आहे. २०१६ मध्ये तेथे लाइकखेरीज प्रेम, हसू, आश्चर्य, दुःख व संताप दर्शवणारी चिन्हे आली. २०१७ पासून या चिन्हांना लाइकच्या पाचपट वजन दिले गेले, आणि त्यात संतापाचे चिन्हही होते. जानेवारी २०१८ मध्ये कंपनीने जाहीर केले की यापुढे आप्तेष्टांतील अर्थपूर्ण देवाणघेवाणीला अग्रक्रम मिळेल. हेतू ऐकण्यास चांगला होता. परंतु २०२१ मध्ये फ्रान्सिस हॉगन या माजी कर्मचारी महिलेने बाहेर आणलेल्या अंतर्गत कागदपत्रांतून दिसले की या बदलाने संताप व सनसनाटीला बळ मिळत असल्याचा इशारा कंपनीतील संशोधकांनीच दिला होता. पोहोच टिकवण्यासाठी काही प्रकाशक व राजकीय पक्ष आपली भाषा अधिक आक्रमक करीत असल्याची नोंदही त्यांत होती. संतापाच्या चिन्हाचे वजन अखेर सप्टेंबर २०२० मध्ये शून्य करण्यात आले.

यावरून यंत्र काढून टाकले की सर्व ठीक होईल, असे मात्र मानू नये. अमेरिकेतील २०२० च्या निवडणुकीच्या सुमारास संशोधकांनी काही सहभागी व्यक्तींना तीन महिने केवळ कालक्रमानुसार लावलेली फीड दाखवली. २०२३ मध्ये सायन्स या नियतकालिकात त्याचे निष्कर्ष आले. लोक माध्यमावर कमी वेळ राहू लागले हे खरे. परंतु त्यांच्यासमोर अविश्वसनीय स्रोतांचा मजकूर अधिक आला, आणि त्यांच्या राजकीय मतांतील दुरावा लक्षणीय रीतीने कमी झाला नाही. दोष केवळ यंत्रात नाही. ज्या मानवी ओढीचे ते मोजमाप करते तिच्यातही आहे. हे सत्य धर्मसेवकाला नवे नाही.

५. पोहोच वाढवण्याचे ग्राह्य व त्याज्य उपाय

यंत्राची ही ओळख झाल्यावर प्रश्न उरतो तो आपल्या आचरणाचा. पोहोच वाढवण्याचा प्रयत्न करणे हे मुळातच गैर आहे, असे आम्हांस वाटत नाही. उंच जागी उभे राहून स्पष्ट आवाजात बोलणाऱ्याला कोणी ढोंगी म्हणत नाही. आमच्या मते प्रत्येक उपायास एकच कसोटी लावावी : हा बदल केल्यावर संदेश तोच राहतो काय? केवळ मांडणी बदलत असेल, तर उपाय ग्राह्य. संदेशच बदलत असेल, तर तो त्याज्य.

ग्राह्य उपायांत पहिला आरंभाचा. दर्शक पहिल्या काही क्षणांत थांबण्याचा वा पुढे जाण्याचा निर्णय करतो, आणि पाहण्याचा अवधी यंत्र मोजते. यास्तव लांबलचक अभिवादनाऐवजी त्या दिवसाच्या शुभवर्तमानातून उठणारा प्रश्न पहिल्याच वाक्यात मांडावा. चांगल्या प्रवचनकाराला हे पूर्वीही ठाऊक होते.

दुसरा उपाय शीर्षकाचा. ‘आजचे प्रवचन’ या शीर्षकावरून ना माणसाला काही कळते, ना यंत्राला. ‘आगमनकाळाचा दुसरा रविवार : योहानाची हाक’ असे लिहिल्यास ते शोधणाऱ्याला सापडते. आपल्या रविवारच्या वाचनांचे चक्र तीन वर्षांचे आहे. म्हणजे नीट नाव दिलेली फीत तीन वर्षांनी त्याच रविवारची तयारी करणाऱ्या दूरच्या धर्मशिक्षकाच्याही उपयोगी पडेल. फीडमधील आयुष्य दोन दिवसांचे असते, शोधातील आयुष्य अनेक वर्षांचे.

तिसरा उपाय आवाज व अक्षरांचा. ध्वनी स्वच्छ असावा आणि चित्राखाली देवनागरीत मजकूर द्यावा. कमी ऐकू येणाऱ्यांची त्यात सोय होते. इंदूर, ग्वाल्हेर वा वडोदरा येथील जी तरुण मुले घरात मराठी ऐकतात पण शाळेत ती शिकलेली नाहीत, त्यांनाही लिखित शब्दाचा आधार मिळतो.

चौथा उपाय उत्तर देण्याचा. लेखकाने दखल घेतलेल्या उत्तराला २०२३ च्या त्या यादीत सर्वांत अधिक वजन होते, हे वर आलेच आहे. विचारलेल्या शंकेला सौजन्याने उत्तर देणे हे धर्मशिक्षकाचे कर्तव्य आहेच. येथे कर्तव्य आणि पोहोच यांची दिशा एक होते, ही समाधानाची गोष्ट.

त्याज्य उपायांत आम्ही प्रथम ‘आमेन लिहा’ या प्रकाराचा उल्लेख करतो, कारण तो भक्तीच्या वेषात येतो. ‘येशूवर प्रेम असेल तर शेअर करा’, ‘दहा जणांना पाठवा, कृपा होईल’, अशी वाक्ये प्रार्थना नव्हेत. ती क्रिया वाढवण्याची युक्ती आहे. त्यांत जे भय वा आमिष असते ते अंधश्रद्धेचे आहे, आणि त्याविरुद्ध आपण वर्गात शिकवतो. व्यवहारदृष्ट्याही ही युक्ती तोट्याची आहे. लाइक, शेअर, कॉमेंट वा टॅग यांची अशी मागणी करणारा मजकूर खाली ढकलला जाईल, असे फेसबुकने डिसेंबर २०१७ मध्येच जाहीर केले. हरवलेल्या बालकाचा शोध वा मदतनिधीचे आवाहन यांना मात्र हा नियम लागू नाही, असेही त्याच वेळी स्पष्ट केले होते.

तरीही ही युक्ती मेली नाही. २०२४ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी फेसबुकवरील शंभराहून अधिक पानांचा अभ्यास केला. ती पाने कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेली चित्रे ठेवून अनुयायी गोळा करीत होती, आणि अनुसरण न करणाऱ्यांच्या फीडमध्येही यंत्र ती चित्रे नेऊन ठेवीत होते. त्याच सुमारास कोळंबीच्या शरीराची ख्रिस्ताची विचित्र चित्रे जगभर चर्चेचा विषय झाली. अशा चित्रांखाली ‘आमेन’ लिहिणाऱ्यांत श्रद्धाळू माणसे असतात. त्यांना हसण्यापेक्षा, त्यांच्या भक्तीचा व्यापार कसा होतो हे त्यांना समजावून सांगणे, हे धर्मशिक्षकाचे काम आहे.

फसवे शीर्षक, दुसऱ्या धर्माविषयी वा पंथाविषयी चीड उत्पन्न करणारे वाक्य, विकत घेतलेले लाइक आणि संदर्भ तोडून कापलेला प्रवचनाचा तुकडा, हेही याच वर्गातले. शेवटच्या प्रकाराबाबत विशेष सावध राहावे. दहा मिनिटांच्या प्रवचनातील पापाविषयीचे कठोर वाक्य वेगळे काढले की ते दूरवर जाते. क्षमेविषयीचा त्यापुढील परिच्छेद मागे राहतो.

६. यंत्राला न दिसणारी माणसे

आता आमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाच्या मुद्द्याकडे येऊ. यंत्राचा अंदाज मागील वर्तनावर उभा असतो. जो आपल्या धर्मग्रामाच्या मजकुरावर वारंवार थांबतो त्याला तो अधिकाधिक दिसतो. जो थांबत नाही त्याला कमी दिसतो. कमी दिसल्याने तो आणखी कमी थांबतो, आणि काही काळाने त्याला काहीच दिसेनासे होते. कोणीही त्याला वगळले नाही, तरी तो वगळला जातो.

असे गळून जाणारे कोण असतात, याचा विचार करावा. नुकतीच पतीच्या निधनाने खचलेली बाई, कामधंदा गेलेला तरुण, कोणाशी तरी खटका उडाल्याने चर्चला येणे बंद केलेले कुटुंब, दृष्टी मंद झालेले वृद्ध. ज्यांच्याकडे आधी जायला हवे तीच ही माणसे होत. आणि ज्याची प्रतिक्रिया थांबली त्याला यंत्र सर्वांत आधी सोडते. लूकच्या शुभवर्तमानातील पंधराव्या अध्यायात मेंढपाळ नव्याण्णव मेंढरे सोडून हरवलेल्या एकाच्या शोधात जातो. क्रमनिश्चितीचे गणित याच्या नेमके उलट चालते. मेंढपाळाचे काम आपण त्या गणिताकडे सोपवले, तर चार हजार दर्शकांच्या आनंदात तो एक विसरला जाईल.

यातून व्यवहाराचे काही नियम निघतात. अंत्यविधी, मिस्साच्या वेळेतील बदल, आजाऱ्यांची भेट, प्रश्नोत्तरीच्या वर्गाची सूचना यांसाठी फीडवर विसंबू नये. व्हॉट्सॲपच्या गटातील संदेशांना असा निवडीचा क्रम नसतो. पाठवलेला संदेश गटातील प्रत्येकाकडे, आलेल्या क्रमाने जातो. अफवांना आळा घालण्यासाठी २०१८ मध्ये भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवण्याची मर्यादा घालण्यात आली, आणि वारंवार फिरलेल्या संदेशाला एप्रिल २०२० पासून एकाच ठिकाणची मर्यादा आहे. धर्मग्रामाच्या छोट्या सूचनेला ती आड येत नाही. ज्यांच्याकडे तोही फोन नाही, त्यांच्यासाठी दारावरचा फलक व धर्मशिक्षकाची पायपीट यांना पर्याय नाही.

आपल्या श्रोत्यांनाही हे ज्ञान द्यावे. फेसबुक व इन्स्टाग्राम यांनी २०२२ मध्ये, आपण अनुसरण करतो त्यांचाच मजकूर कालक्रमाने पाहण्याची सोय दिली. ती शोधून वापरण्यास शिकवावे. युरोपीय संघाने २०२२ च्या डिजिटल सेवा कायद्याने अतिविशाल माध्यमांना, व्यक्तीच्या वर्तनाच्या नोंदीवर न आधारलेला निदान एक पर्याय देणे सक्तीचे केले आहे. तो कायदा युरोपापुरता असला, तरी निवडीचा हक्क पाहणाऱ्याचा असतो हे तत्त्व सर्वत्र सांगण्यासारखे आहे. युवकमंडळाच्या एखाद्या सभेत दोन मुलांचे फोन शेजारी ठेवून त्यांच्या फीडची तुलना केली, तरी अर्ध्या तासात पुष्कळ शिकवून होईल.

आणखी एक गोष्ट विखुरलेल्या मराठी ख्रिस्ती समाजाविषयी. बेळगावच्या किंवा हैदराबादच्या एका मराठी धर्मग्रामाचा श्रोतृवर्ग मुळातच लहान आहे. तेथील प्रवचनाला साठ दर्शक मिळाले आणि ते साठही धर्मग्रामातीलच असतील, तर ती पोहोच जवळजवळ पूर्ण आहे. उलट चार हजार दर्शकांत धर्मग्रामातील दहाच असू शकतात. म्हणून केवळ संख्या न पाहता ते कोण आहेत हे पाहावे; बहुतेक माध्यमे पान चालवणाऱ्याला दर्शकांचे शहर व वयोगट यांची ढोबळ माहिती देतात.

पोपमहोदयांच्या दळणवळण विभागाने मे २०२३ मध्ये समाजमाध्यमांवर एक चिंतनपर दस्तऐवज प्रसिद्ध केला. त्यासाठी त्याने चांगल्या शोमरोन्याचा दाखला आधारभूत धरला. आमच्या मते ही निवड अचूक आहे. त्या वाटेवरून जाणाऱ्या याजकाने आणि लेव्याने जखमी माणसाला पाहिले होते. पाहणाऱ्यांत त्यांची गणना निश्चित झाली असती. थांबून जखमा बांधणारा मात्र एकच होता. आपल्या मजकुराचा हिशेब मांडताना किती जणांनी पाहिले यापुढे दुसराही स्तंभ आखावा : या महिन्यात कोण दिसले नाही, आणि त्यांच्या घरी कोण गेले. हा स्तंभ कोणतेही यंत्र भरून देणार नाही. तो धर्मगुरू व धर्मशिक्षक यांनी मिळून, नावानिशी भरावयाचा आहे.